व्हॅनकाकू आणि नवे कॅलिपर

गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली गाडीही व्हॅनकाकू आधी जॅकवर चढवायच्या. सोलापुरात आमच्या कॉलनीतली मुलं त्यांच्या व्हॅनमधून शाळेत जायची, त्यात माझी सईही होती. "गॅरेजवाल्यावर विश्वास हाय की," त्या म्हणायच्या, "पण पोरं त्याची न्हाईत, माझ्या गाडीतली हाईत."

एकदा व्हॅनच्या पुढच्या चाकांना नवे कॅलिपर बसवले होते. ब्रेक दाबल्यावर चाकाची तबकडी चिमट्यासारखा धरतो, तो हा भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं दप्तरं घेऊन उभी आणि काकू चाकाशी उकिडव्या बसलेल्या.

"सईची आई, जरा आत बसा. मी म्हणंन तवा ब्रेक दाबा."

मी दाबला, सोडला. काकूंनी हाताने चाक फिरवलं. एक बाजू छान फिरली, दुसरी अडली. त्यांनी ते चाक उतरवलं आणि कॅलिपर पुढेमागे ढकलून पाहिला. तो जागचा हलेना. म्हणजे एकदा धरलेला ब्रेक सुटत नव्हता.

"परीक्षा आहे आज," एका मुलाचे वडील चिडले. "उशीर झाला तर?"

"तर बाई रागावतील. ते मी ऐकून घेते. तुमी रिक्षा बघा."

मुलं रिक्षांनी गेली. गॅरेजवाला आला तोच कुरकुरत. "नवा माल हाय, काकू. बसंल हळूहळू."

"बसंल तवा बसंल. तवर माझी पोरं त्यात बसणार न्हाईत."

त्याने कॅलिपर खोलला. ज्या पिनेवर तो सरकतो, तिच्यावरचं रबर मुडपून आत अडकलं होतं. त्याने ते बदललं, ग्रीस लावलं. मग काकूंनी मला पुन्हा ब्रेकवर बसवलं आणि चाक अलगद फिरू लागल्यावरच हात पुसले.

त्याच आठवड्यात व्हॅनच्या पुढचा उसाचा ट्रॅक्टर भर रस्त्यात अचानक थांबला. व्हॅन जरासुद्धा बाजूला ओढली न जाता, सरळ थांबली. "सगळ्यांच्या बाटल्या घरंगळल्या!" सई घरी हसत सांगत होती. "काकू मात्र गाडी बाजूला घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या." एका चाकाचा ब्रेक तसाच अडलेला असता, तर व्हॅन त्या बाजूला ओढली गेली असती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा कुणी सांगायची वाट न पाहता काकूंनी व्हॅन बंद केली. "समोरचं धुरकट दिसायलंय. आता माझ्या हातात पोरं द्यायची न्हाईत," एवढंच बोलल्या. मग रिकाम्या सकाळी मैदानावर मला गाडी शिकवू लागल्या. मी घाबरले की म्हणायच्या, "भ्या वाटू दे की. भ्या वाटणारा बघून चालवतो."

डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना अक्कलकोटला बहिणीकडे मीच सोडलं. शहराबाहेर पडल्यावर गाडीत फारच शांतता वाटली. शेजारी पाहिलं, तर डोळ्यावर पट्टी बांधलेल्या काकूंची मान खिडकीला टेकली होती. त्यांना गाढ झोप लागली होती.

मी रेडिओ बंद केला आणि खड्डे चुकवत, हळू, गाडी चालवत राहिले.