अप्पांच्या कुंकवाखालचा दिवा

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, इथे लिहून जरा मोकळी होते.

आमच्या कुंभकोणमच्या वर्कशॉपात माझ्या वडिलांनी, अप्पांनी, नवं वेल्डिंग मशीन आणलंय, एकाच डब्यात तीन तऱ्हेचं वेल्डिंग. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पूजा केली आणि मशीनच्या तोंडावर जाड गंध थापून वर कुंकू लावलं.

मग मी एक गेट जोडायला बसले, तर रॉड पेटेना, नुसता लोखंडाला चिकटून बसे. करंट वाढवत राहिले, फरक शून्य. समोर गिऱ्हाईक तमिळमध्ये घाई करतंय आणि मागे खुर्चीत अप्पा. "जुनं मशीन कधी असं रुसलं नाही, गे!"

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. कोणतं वेल्डिंग चालू आहे हे दाखवणारे दिवे गंधाखाली गाडले होते. पण अप्पांच्या हातचं कुंकू मी कशी पुसणार?

"अप्पा, याखाली दिवे आहेत."

ते उठले आणि अंगठ्यानं गंध-कुंकू पुसून काढलं. मशीन रॉडवर नव्हतंच, टिग नावाच्या दुसऱ्याच तऱ्हेवर होतं! बटण दाबून रॉडवर आणलं आणि गेट झकास जोडलं गेलं.

मला कोइंबतूरला नोकरी लागलीय, हे आज त्यांना सांगणारच होते. तेवढ्यात त्यांनी तोच अंगठा माझ्या कपाळाला टेकवला. "मला हे उमजायचं नाही. आता हे मशीन तुझं."

लोखंडाला चिकटलेला रॉड हिसका दिला की सुटतो. कपाळावरच्या या कुंकवाला हिसका कसा द्यायचा, सांगा.