नानीकाकूंची बैठक

दारात पाहुणा दिसला की नानीकाकू आधी विचारायच्या, "भूक लागलीय, की नुसतं बोलायचंय?" भुकेल्याला थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवायच्या, बोलायला आलेल्याला बाहेरच्या खोलीत.

त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. बदल्यांमागून बदल्या करत जयपूरला आलेले. बनीपार्कात आमचं शेजारचं घर. पुण्याच्या एका मासिकात काकू घर, स्वयंपाक, पाहुणचार यांवर दरमहा लिहायच्या. आमसुलं मिळत नाहीत म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "इथली काचरी, ती आंबट रानकाकडी, घालून बघ आमटीत. मस्त आंबटपणा येतो." पुढच्या अंकात तेच छापून आलं.

मी साताऱ्याहून नुकतीच लग्न होऊन आले होते. हे विमा कचेरीत, सदा दौऱ्यावर. मला हिंदी धड येईना. एकदा मी माहेरी जायला निघाले. परत यायचं की नाही, ते मनाशी ठरत नव्हतं. काकूंना ते न सांगताच कळलं असावं.

"जा की," त्या म्हणाल्या, "पण उद्या आमचे संपादक येताहेत, सपत्नीक. पोळ्या कोण लाटणार? परवा जा."

लेख वाचून संपादकांनी बंगलाच कल्पिला असावा. दोन खोल्या पाहून ते दारातच घुटमळले. बसायला बदल्यांच्या लोखंडी ट्रंका, त्यांवर सांगानेरी छापाच्या चादरी.

"बसा ना," काकू म्हणाल्या, "याच बैठकीवर लेख छापलात तुम्ही."

संपादक खो खो हसत ट्रंकेवर बसले. जेवताना त्यांच्या पत्नीनं पोळ्यांची तारीफ केली, तशी काकूंनी मला बाहेर ओढलं. "हिच्या हातची पोळी फुगते, माझी नाही. लेखात मात्र मी तसं लिहीत नाही." सगळ्यांबरोबर मीही हसले. जयपुरात आल्यापासून इतकं मोकळं मी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "टांगा सांगू स्टेशनचा?"

"राहू दे. यांना दौऱ्यावरून येऊ दे आधी."

 दुपारी काकू मला बाजारात घेऊन गेल्या आणि भाव करायला पुढे ढकललं.

पुढे काही वर्षांनी त्यांची बदली लखनौला झाली. स्टेशनवर काकू खिडकीतून सूचनाच देत राहिल्या, लोणच्याच्या, पडद्यांच्या. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी डोळे पुसत बाहेर आले.

"कहाँ चलना है, बाईजी?" टांगेवाल्यानं विचारलं.

"घर," मी म्हणाले. आणि मग त्याला बनीपार्कचा पत्ता सांगावा लागला.