उशिबुकाचा माणूस

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या कारखान्यात मी जपानीची दुभाषी. तिथल्या एका जपानी इंजिनिअरसाहेबांची मोठी गंमत होती. कुणीही गाव विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "उशिबुका!" जपानातल्या एका बेटाच्या टोकावरचं, मासेमारीवर पोसलेलं शहर. पुढे ते आजूबाजूच्या गावांसोबत एका नव्या, मोठ्या शहरात विलीन झालं. ते नवं नाव साहेबांनी कधी तोंडातून काढलं नाही. त्यांचा हा हट्ट मला मनापासून आवडायचा.

यंदा ते कायमचे मायदेशी निघाले. निरोप समारंभाच्या सकाळी पुण्याहून आलेले आमचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, स्टेजवरून त्यांच्या शहराचं नवं नाव सांगा हं. उशिबुका नावाचं शहर आता राहिलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "आमचं तंजावरचं मराठी राज्य तरी आज कोठें आहे, सर? म्हणून आम्ही तंजावरचे नव्हे काय?"

"तो विषय वेगळा," म्हणत ते निघून गेले. शेजारी उभ्या साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण गावाचं नाव कानावर पडलं होतं. काय झालं ते मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मग मी निरोप घ्यायचा तो कुठला म्हणून?" एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी कारखान्याच्या शेडमध्ये माईक हातात आला आणि मी तमिळमध्ये ठणकावून सांगितलं, "साहेबांचं गाव उशिबुका!" मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि गावाकडचा नाच सुरू केला. गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी काहीतरी ओढत. आधी सगळे खुदुखुदु हसले. एवढ्यात काशीमेडुच्या कोळीवस्तीतला आमचा एक फिटर उठून ओरडला, "अय्यो, वलै! साहेब जाळं ओढतायत!"

तो धावत स्टेजवर चढला, साहेबांच्या मागे नसलेला दोर धरला आणि जाळं ओढताना घालतात ती हाक घातली, "ऐलसा!" साहेबांचे हात त्या तालावर चालू लागले. बघता बघता अख्खी शेड दोर ओढू लागली. टाय खांद्यावर टाकून मॅनेजरही घुसले, आणि सगळ्यांत बेताल तेच होते! मला आनंदाने नुसतं रडू येत होतं.

दमून साहेब थांबले आणि माझ्याशी काही बोलले. ते सांगायला मी माईक उचलला, पण त्या एका शब्दाला दुभाषी कशाला हवी? मग माईक त्यांच्याच हातात दिला. ते म्हणाले, "उशिबुका!"

अख्ख्या शेडने ते नाव गर्जून परत दिलं.