लीव्ह, विडा आणि विसूभाऊंची रजा

विषय : 'लीव्ह' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व पुणे दरबारी त्याचा वापर. संदर्भ : विसूभाऊ कारकुनांचा रजेचा अर्ज.

इंग्रजांची पत्रे मराठीत उतरवणाऱ्या कचेरीत माझी सारी चाकरी झाली. तिथे कामाच्या मानाने किस्सेच फार साठले. अजूनही बुधवारातल्या ओट्यावर बसलो की कोणीतरी म्हणतेच, "ते लीव्हचं सांगा." मग सांगावे लागते.

*

आम्हाला इंग्रजी शिकवायला इंग्रज साहेबांचा मुनशी येई. एकदा त्याने 'लीव्ह'चे अर्थ सांगितले. निघून जाणे, सोडणे, मागे ठेवणे आणि शिवाय रजा.

आमचे वरिष्ठ दाजीबा ऐकत होते. म्हणाले, "एकटा शब्द एवढी कामं करतो? आमच्याकडे एका कामाला चार माणसं आहेत."

"आणि काम?" मुनशीने विचारले.

"ते पडून आहे. त्याला कोण हात लावतो."

*

इंग्रजांचे नवे वकीलसाहेब, म्हणजे पुण्यातले त्यांचे प्रतिनिधी, दरबारात पहिल्यांदा भेटीला आले. आपल्याकडे भेट संपली की पाहुण्याला विडा आणि अत्तर देतात. ते घेतले की पाहुण्याने उठायचे. साहेबांना हे कोणी सांगितले नव्हते.

विडा दिला, त्यांनी खाल्ला. अत्तर दिले, त्यांनी हुंगले आणि लोडाला आणखी टेकून बसले. एवढा पाहुणचार चालला असताना उठणे बरे दिसणार नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून दुसरा विडा दिला. तोही खाल्ला.

दाजीबा माझ्या कानाशी म्हणाले, "तबक रिकामं होईल, पण हे काही जायचे नाहीत."

*

साहेबांच्या हाताखाली एक तरुण गोरा कारकून होता. एकदा त्याने चिठ्ठी पाठवली, 'उद्यापासून शिकारीसाठी लीव्ह घेतो.' आम्ही तिचा मराठी उतारा करेपर्यंत तो सिंहगडाच्या पायथ्याशी पोचलाही होता.

"अहो, त्यानं विचारलंच नाही, नुसतं कळवलं," विसूभाऊ म्हणाले.

"म्हणूनच घरी कोणी चाकरीला ठेवत नाही, पोटासाठी इतक्या लांब यावं लागतं त्यांना," दाजीबा म्हणाले.

*

विसूभाऊंनी मात्र विचारले. त्यांची आई वाईला एकटी. नजर अधू होत चाललेली. तिचा निरोप आला होता, "दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा."

"तुम्ही गेलात तर तुमचं काम कोण करणार?" दाजीबांनी विचारले.

"मी इथे असताना तरी कोण करतं?"

यावर दाजीबांनी अर्ज ठेवून घेतला. पण त्यावर पहिला शेरा कोणी मारायचा? दाजीबा म्हणाले, "आबासाहेब माझे वरिष्ठ. त्यांच्या आधी मी लेखणी उचलणं शोभत नाही." आबासाहेब म्हणाले, "खालच्याचा शेरा नसताना मी वरचा मारू कशावर?" दोघेही एकमेकांचा मान राखत राहिले आणि अर्ज दोन बैठकींच्या मधल्या चौरंगावर राहिला.

वाईहून निरोप येत होतेच. "आता मला माणसाची नुसती सावली दिसते," असा एक आला.

*

पुढे इंग्रजांशी जुंपलेली लढाई शहराच्या अंगावर आली. आबासाहेब घोड्यावरून गेले, दाजीबा पालखीतून. अर्ज कोणाचाच नव्हता. मीही बायकामुलांना घेऊन सासवड गाठले.

सगळे शांत झाल्यावर परतलो, तर अंमल इंग्रजांचा आणि कचेरीत आबासाहेबांच्या जागी वकीलसाहेब बसलेले. समोर विसूभाऊ, आपल्या नेहमीच्या जागेवर. साहेब आता बऱ्यापैकी मराठी बोलत होते.

"सगळे लीव्ह करून गेले," साहेब म्हणाले. "तुम्ही का नाही गेलात?"

"माझी मंजूर नव्हती."

साहेब हसले नाहीत. असा माणूस सरकारला हवाच, असे म्हणून त्यांनी विसूभाऊंना चाकरीत कायम केले. विसूभाऊंनी लगेच चौरंगावरचा अर्ज पुढे ठेवला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला.

"यावर तुमच्या वरिष्ठांचा शेरा नाही."

"ते निघून गेले, साहेब."

"ठीक. ते परत आले की शेरा घेऊन या."

एवढे बोलून त्यांनी विड्याचे तबक पुढे केले. एव्हाना त्याचा अर्थ त्यांना कळला होता.

दाजीबा अजून परतलेले नाहीत. विसूभाऊंची आई आता माणसे आवाजावरून ओळखते. अर्ज विचाराधीन आहे.