होमस्टेमधली पाचवी

माझा धंदा जुने ट्रॅक्टर घ्यायचे आणि विकायचे. ज्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली दोन्ही टांगलेली असतात, त्याचं इंजिन हमखास कामातून गेलेलं असतं... मी तिथूनच भाव पाडायला सुरुवात करतो. करणी-बाधा असल्या गोष्टींशी माझा आजवरचा संबंध एवढाच. या ग्रुपवरचे अनुभव बायको वाचायची, मी हसायचो. आता मीच लिहायला बसलोय.

शिरूरमध्ये बसस्टँडपासून थोडं आत एक तीन मजली बिल्डिंग आहे. वरच्या मजल्यावर आम्ही कित्येक वर्षं भाड्याने राहिलो. माझी मुलगी मनीषा तिथेच वाढली. मालक मूळचे आमच्याच भागातले, आता पुण्यात असतात. "फ्लॅट विकायचा झाला तर तुम्हालाच," हा शब्द त्यांनी मला दर दिवाळीला दिला होता. मग अष्टविनायकाच्या गाड्या वाढल्या. रांजणगावचं दर्शन झालं की लोकांना मुक्कामाला जागा हवी. कंपन्यांत येणारे साहेब लोकही लॉजऐवजी घर मागू लागले. खालच्या फ्लॅटवाल्याने भाडेकरू काढून घर दिवसावर लावलं. त्याचं बघून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. बघता बघता अख्खी बिल्डिंग होमस्टे झाली, आणि मालकांनी आम्हालाही सामान हलवायला सांगितलं. दिलेल्या शब्दाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, दिवस बदललेत. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गावभर घर शोधलं. जो तो म्हणे, महिन्याने देत नाही, दिवसाने घ्या. शेवटी न्हावरा रोडला माझ्या शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं राहायला गेलो. त्यातच मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची वेळ झाली. जावई सागर दौंडला रेल्वेत आहे. व्याही म्हणाले, इथेच क्वार्टरमध्ये करू. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर माझी बायको कांता अडून बसली, आणि मलाही व्याह्यांपुढे मान खाली घालायची नव्हती. पत्र्याखाली बाळंतीण ठेवता येत नाही. मग काय... मालकांना फोन केला, घासाघीस केली, आणि माझंच जुनं घर सव्वा महिन्यासाठी दिवसाच्या भाड्याने घेतलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणा म्हणून शिरताना माणसाला काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही.

दाराला आता आकड्यांचं लॉक होतं. दार कधी उघडलं ते मालकांना पुण्यात मोबाईलवर दिसायचं.

मुलगी झाली. दवाखान्यातून आम्ही तिला त्या घरी आणलं. पाचव्या दिवशी कांताने पाचवीची तयारी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं म्हणतात. कांता स्वयंपाकघरात होती. मनीषाचा डोळा लागला होता. तिसऱ्या प्रहरी मालकांचा फोन आला की चतुर्थीच्या गर्दीचं बुकिंग आलंय, ठरल्यापेक्षा आधी घर खाली करा. आमची चांगलीच जुंपली. फोन आपटून मी मागे वळलो तर बाळाजवळ एक बाई बसली होती. साधी पाचवारी, हातात रिकामी कापडी पिशवी. मला वाटलं, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंचं कुणी असेल, कांताने आत घेतलं असेल.

तिने मान वर न करता विचारलं, "पोरीचं घर कुठलं म्हनायचं?"

माझं डोकं तापलेलंच होतं. "ह्येच घर," मी म्हणालो. "हितनं कोन काढतंय तिला, बघतोच मी."

"बरं," ती म्हणाली. "मग तसंच."

तिने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि बाहेरच्या खोलीत गेली. तेवढ्यात कांता आली, कुणाशी बोलत होता म्हणाली. तिने कुणालाच आत घेतलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं आणि दार बंद होतं. रागातच मी मालकांना फोन लावला – दाराचा नंबर कुणाकुणाला वाटता? ते म्हणाले, "आवो, दुपारपासून तुमचं दार उघडल्यालंच न्हाई. माझ्याफुडं मोबाईल हाय."

तेव्हा घाबरलो नाही. वादावादी करून ठरलेल्या सव्वा महिन्यापर्यंत मुदत ओढली, त्यातच दंग होतो.

घर सोडायच्या दिवशी सागर गाडी घेऊन आला. सामान खाली गेलं. मनीषा बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर पडली, आणि बाळाची मान लटकली. ओठ निळे, हातपाय गार. श्वास नाही. जुनं इंजिन बंद पडायच्या आधी खोकतं तरी, ही पोर खोकलीसुद्धा नाही. कांता तिला हिसकावून आत पळाली, आणि आत पाय पडताच पोर रडली. लालबुंद होऊन.

सागर म्हणाला, वारं लागलं असेल. त्याने स्वतः तिला दुलईत गुंडाळून बाहेर नेलं. पायऱ्या उतरेपर्यंतच त्याचा चेहरा असा झाला की मी जन्मात विसरणार नाही. तो ओरडत परत वर आला. डॉक्टर घरी आणले. म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, तरी पुण्याला दाखवा. न्यायची कशी?

मालकांना हे सांगून मुक्काम वाढवा म्हटलं तर म्हणाले, "लेकराच्या आडून भाव पाडाय लागला व्हय तुम्ही?" त्यांचंही चूक नाही, मी भाव पाडायला काय काय केलंय ते तालुक्याला माहीत आहे. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तो भाव. हे ऐकून ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले. कुणाचं काही न ऐकता बाळाला उचलून एक पाऊल बाहेर टाकलं... आणि तेच पाऊल मागे घेतलं. बाळ कांताच्या हातात दिलं. जाताना एवढंच म्हणाले, "ऱ्हावा. घर तुम्हीच घ्या."

घर घेतलं. मी कधी मागूही शकलो नसतो इतक्या कमी भावात. कुणी म्हणालं, नावावर झालं की सुटेल. नाही सुटलं. गुरवाला विचारलं, बाहेरच्या जाणत्यांना विचारलं, पाचवी पुन्हा मांडली. ती बाई परत आली नाही. मला जे म्हणायचं होतं ते तिने नीट ऐकून घेतलं होतं, असं मला कधी कधी वाटतं. पण हे खरंच काय आहे, ते मला कळलेलं नाही. कुणी सांगू शकत असेल तर सांगा.

सागर सुट्टी मिळेल तसा दौंडहून येतो. नात आता रांगते. जिन्यात रोज नवे पाहुणे, नव्या बॅगा, नवे आवाज. तिला त्यांचं भारी कौतुक. बॅगेची चाकं वाजली की ती हसत दाराकडे निघते. जेवताना, झोपताना, कुणी आलं-गेलं तरी, आमच्यापैकी एकजण कायम दाराला पाठ लावून बसलेला असतो. आत्ता हे लिहिताना माझी पाळी आहे.