आईच्या कमरेला मानवलेली अँबॅसिडर

ऊन तापायच्या आत आम्ही कळंब्याहून निघालो. कमरेच्या ऑपरेशनपासून माझ्या नव्या गाडीतला प्रत्येक खड्डा आईच्या मणक्यात कळायचा. पण गडहिंग्लजच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, चार दिवस आपल्याकडे आणायचंच, असं तिनं मनात धरलं होतं. म्हणून ओळखीतून दत्तूनानांची जुनी अँबॅसिडर ठरवली.

डिकीत गुळाचे रवे (ढेपा) रचलेले पाहून माझं डोकं तापलं. गाडी ठरवली आम्ही आणि माल दुसऱ्याचा!

"गडहिंग्लजच्या दुकानात द्यायचं हायती, पावणं," नाना म्हणाले. "असू द्यात की. मागं वजन असलं की गाडी गुमान चालती."

आणि खरंच चालली. खड्डा आला की गाडी सावकाश खाली बसायची, सावकाश वर यायची. स्टिअरिंग आधी फिरायचं, मग गाडी विचार करायची आणि मग कुठे वळायची. कागल येईतो आई मागच्या ऐसपैस सीटवर चक्क झोपली. मला मात्र त्या डुलण्यानं मळमळायला लागलं. निपाणीला उतरून लिंबू-सोडा प्यावा लागला.

गडहिंग्लजला पोचल्यावर अक्कामावशीनं भाकरी, खर्डा आणि कवडीदार दही वाढलं. यायचं मात्र नाव काढेना.

"म्हशींचं कोण बघणार?"

"सून हाय की घरात," आई म्हणाली.

"तिच्या हाताला पान्हवत न्हाईत."

आईचे डोळे भरून आले. मला मावशीचा रागच आला.

तोवर नाना गूळ पोचवून आले होते. आम्ही निघालो, आणि गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी मागून उडाली. आई कळवळून ओरडली.

"गूळ उतरला न्हवं, हलकी झाली," म्हणत नानांनी गाडी मागं घेतली.

आवाज ऐकून मावशी दारात आलीच होती. मी म्हणालो, "मावशी, जोंधळ्याची दोन पोती द्या. मागं वजन पाहिजे."

ती आईकडे बघत राहिली. मावशीचा देह चांगला दणकट.

"एकच घाला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या जागी मी हाय की." सुनेला ओरडून म्हशींचं सांगितलं आणि नेसत्या लुगड्यानिशी आईशेजारी येऊन बसली.

गाडीनं रस्ता घट्ट धरून चालावं, हे चालवणाऱ्याचं मत. मागं बसणाऱ्यांचं निराळं असतं. परतताना आईचं डोकं मावशीच्या खांद्यावर होतं, आणि मळमळत असूनही मला फार बरं वाटत होतं.

कळंब्यात दारासमोर गाडी थांबली तरी दोघी उतरेनात.

"नाना," आई म्हणाली, "तळ्याकडनं एक वळसा घाला की."