सीताफळीतली वाट

कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला दिवसभर गोड बोलावं लागतं. समोरच्यानं अर्धं कपाट उलगडायला लावलं आणि "बघू, पुन्हा येतो" म्हणून उठला, तरी हात जोडून "या की" म्हणायचं. वडिलांनी मला गादीवर बसवलं तेव्हा पहिली गोष्ट ही शिकवली आणि घाटनांदुरात इतकी वर्षं मी तेच करत आलोय. माझा स्वभाव मात्र तसा नाही. मी भलता तापट आहे. हे मला माहीत आहे आणि घरचीला. बाकी गावाला वाटतं, अप्पा म्हणजे देवमाणूस.

डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं, मी पळायलाच लागलो. लेकीनं पुण्याहून नारिंगी बूट पाठवले. ते घालून निघालो की घरची म्हणायची, "निघाले का नवरदेव?" म्हणू दे. साखरेचं निमित्त होतं. खरं कारण असं की पहाटेच्या त्या तासाभरात कुणाला "या, बसा" म्हणावं लागत नाही. मला तेवढा एक तास माझा हवा होता, उरलेला दिवस गिऱ्हाइकांनी खुशाल घ्यावा.

पण आमच्याकडं माणूस पळताना दिसला की लोकांना राहवत नाही हो. सुरुवातीला मी अंबाजोगाईच्या रस्त्यानं पळायचो. एकानं मोटारसायकल आडवी घातली. "अप्पा, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं बाबा. पळतोय."

"मंग बसा की, सोडतो."

"अरे, मला पळायचंच आहे!"

"ते हाय, पण गाडी हाय ना. कावून तरास घेता?"

एकाला टाळावं तर दूधवाला, त्याच्यामागं टेम्पोवाला. एक जण तर मी गाडीवर बसलो नाही म्हणून फुगला. "आमच्या गाडीवर कावून बसतील अप्पा!" असं दुकानात येऊन चारचौघांत बोलला. त्याला चहा पाजून समजूत काढावी लागली. आता सांगा, पळालो मी आणि चहा याला!

शेवटी मला एक जुनी गाडीवाट आठवली, लहानपणी बैलगाड्या जाताना पाहिलेली. मोठ्या रस्त्यापासून फुटून ती एका शेताच्या बांधानं जायची आणि टेकडीला लागायची. चढावर दोन्ही अंगांनी सीताफळीची झाडं इतकी दाट, की फांद्या खांद्याला घासायच्या. उजव्या हाताला वनविभागाचं रान, धावडा, पळस, मधूनच मोराची हाक. टेकडी उतरलं की आणखी एक शेत, आणि त्याच्यापुढं पाझर तलाव. तलावाच्या पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं, बगळे उठवायचे आणि त्याच वाटेनं माघारी. दिवाळीच्या सुमाराला डोळे उघडलेली सीताफळं हाताशी असायची, एखादं खात खात यायचो. साखर गेली खड्ड्यात. त्या वाटेवर मी मोठ्यानं शिव्यासुद्धा दिल्यात, आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकांना, एकेकाचं नाव घेऊन. लई बरं वाटायचं.

ही दोन्ही शेतं गावातल्या दोघा भावांची, टेकडीच्या अलीकडचं थोरल्याचं आणि पलीकडचं, तलावाजवळचं, धाकट्याचं. वाटणीनंतर विहिरीवरून दोघांचं बिनसलेलं होतं. मला त्याच्याशी काय करायचं? दोघं माझी गिऱ्हाइकं, दोघांना मी सारखाच गोड. पण गेल्या उन्हाळ्यात थोरल्यानं बांधालगतची वाट नांगरून टाकली आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या. धाकट्याचा ट्रॅक्टर अडला. धाकट्यानं तहसिलीत अर्ज केला. थोरल्याचं म्हणणं, इथं वाट कधी नव्हतीच.

मी काट्या उचलून बाजूला ठेवायचो आणि जायचो. दुसऱ्या दिवशी काट्या पुन्हा जागेवर. नव्या बुटात काटा मोडला तेव्हा तळपायाची आग खरोखरच मस्तकात गेली. तोही राग मी त्या झाडीतच ओकून आलो, कारण नऊ वाजता दुकान उघडायचं होतं.

मग एक दिवस धाकटा दुकानात आला. काही घ्यायचं नव्हतं. गादीवर टेकला आणि हळूच म्हणाला, "अप्पा, तुमी रोज त्या वाटंनं पळता. सगळ्यांनी बघितलंय. तहसीलदार साहेब जागेवर येणार हायत. वहिवाट हाय, एवढं सांगा फक्त. दुसरं कुणी बोलायला तयार न्हाई."

त्याच संध्याकाळी थोरला आला, बायकोला घेऊन. शालू बघितले, पैठण्या बघितल्या आणि उठताना म्हणाला, "पोरीचा बस्ता तुमच्याकडंच बांधायचा हाय, अप्पा. आपलं दुकान सोडून कुठं जावं? फक्त पळायचं जरा दुसरीकडं बघा. गावात रस्ते काय कमी हायत का?"

लग्नाचा बस्ता म्हणजे नवरा-नवरीपासून पाव्हण्यांच्या टोप्यांपर्यंत सगळं कापड. असं गिऱ्हाईक कोण दुखावतं? घरची सरळ म्हणाली, "अहो, गच्चीवर पळा. कोण अडवतंय?" मी गच्चीवर पळूनही पाहिलं. पाण्याच्या टाकीला वळसा, वाळत घातलेल्या पापडांना वळसा. शेजारच्या गच्चीवरून हाक आलीच, "अप्पा, काय हरवलं का?"

साहेब आले त्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. बांधावर ही गर्दी. दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर जात होते. "वाट होती का न्हाई, सांग की बे!" "कुठं होती बे, दाखव!" साहेबांनी मला पुढं बोलावलं.

"तुम्ही इथून जाता?"

"रोज."

"कशाला?"

"पळायला."

"कोणाकडं?"

"कोणाकडं नाही. नुसता पळतो. तलावापर्यंत जातो आणि परत येतो."

साहेब तलाठ्याकडं बघून हसले. "लिहा, कामानिमित्त." मी म्हणालो, "काम नाही माझं इथं." तर म्हणाले, "अहो, असू द्या." मी खरं तेच सांगितलं, वाट जुनी आहे, बैलगाडी जायची, मी स्वतः पाहिली आहे. मी हे धाकट्यासाठी केलं असं थोरल्याला वाटलं, धाकट्यालाही तसंच वाटलं. कुणासाठी नाही रे बाबांनो, माझ्या एका तासासाठी केलं! पण हे सांगणार कुणाला?

वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. बस्ता अंबाजोगाईला गेला. घरची चार दिवस धड बोलली नाही. मी म्हटलं, जाऊ दे, वाट तर वाचली.

त्यानंतर तापानं आठवडाभर घरी पडलो. बरं वाटल्यावर पहाटे गेलो, तर वाटेच्या तोंडाशीच जेसीबी उभा. चढावरची सीताफळं दोन्ही अंगांनी मुळासकट उपटून कडेला लोटलेली, त्यांना बारकी बारकी फळं तशीच. तलावापर्यंत लालभडक मुरूम. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आणि पुढून धाकटा हात पसरून येतोय. "अप्पा! तुमच्यामुळं झालं बगा. काट्यात पळत होता, बरं दिसतं का? लई झकास रस्ता केलाय. आता पळा दणादण!"

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. तोंडातून निघालं, "छान झालं."

आता त्या रस्त्यानं तलावापलीकडची सगळी वस्ती गावात येते. ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, शाळेची जीप. मोर कुठं गेले, देव जाणे. तरी मी पळतो, कारण दुसरीकडं जाणार कुठं? परवा पाळीवर एक मोटारसायकल माझ्याजवळ येऊन थांबली. मागं बसलेल्या बाईनं पिशवीतून निळी साडी काढली आणि तिथंच, बगळ्यांसमोर, पदर उलगडून दाखवला. "बरं झालं भेटलात, अप्पा. हिचा रंग गेला. बदलून देता का?"

मी धापा टाकत होतो. पोटातून एक सणसणीत शिवी वर आली, गळ्यापर्यंत आली. मी घाम पुसला, दोन्ही हात जोडले आणि म्हणालो, "या की दुकानावर."